बाळाची गाडी आणि एक टक्का

गेल्या वर्षी उन्हाळ्यात अमेरिकेतील ओरेगन राज्यात, यूजीन या शहरी, मुलीकडे चार महिने राहण्याचा योग आला. नातू दीड वर्षाचा. मुलगी व जावई दोघेही नोकरी करणारे, घरात मोटार एकच, आणि नातवाचे पाळणाघर घरापासून पाचेक किलोमीटरवर. मुलगी कामावर सायकलने जाते. तेव्हा सायकलला मागे जोडायची मुलाची गाडी घ्यावी आणि जाता जाता त्याला पाळणाघरात सोडावे, असा तिचा बेत होता. एके रात्री जेवणे झाल्यावर तिने चार-सहा गाड्यांची माहिती माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही जन्मभर अर्थशास्त्र शिकवलंत. यातली कोणती घेऊ ते सांगा."

कंत्राटी कामगार, शेतमालाचे भाव, बंद पडणाऱ्या मराठी शाळा असे विषय समोर असताना पक्षाच्या साप्ताहिकात लहान मुलाच्या गाडीवर लिहायचे, म्हणजे निवृत्त प्राध्यापकाचे परदेशवारीचे कौतुक, असे काही कार्यकर्त्यांना वाटेल. त्यांनी थोडा धीर धरावा. ही गाडी आपल्याकडे कोणी विकत घ्यावी असे मला मुळीच सुचवायचे नाही. किंबहुना आजच्या पुण्यात ती घेऊ नये असेच माझे मत आहे. पण ती का घेऊ नये, आणि यूजीनमध्ये का घेता आली, या दोन प्रश्नांची उत्तरे आपल्या कामाची आहेत.

ट्रेलर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे ट्रॅक्टरमागची उसाची ट्रॉली येते. हे प्रकरण त्याच तत्त्वाचे, पण चिमुकले. ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेले जाड कापड, दोन बाजूंना बहुधा वीस इंची दोन चाके, समोर ऊन-पाऊस अडवणारा पडदा. पुढे एक दांडा निघतो आणि तो सायकलच्या मागच्या चाकाच्या आसाशी जोडला जातो. मूल आत पाठ टेकून, पट्ट्यांनी बांधलेले असे बसते. या गाडीचा सारा गुण त्या सांध्यात आहे. तो सर्व बाजूंना वळणारा असल्यामुळे सायकल आडवी झाली तरी मागची गाडी आपल्या दोन चाकांवर उभीच राहते. पुन्हा मूल जमिनीपासून फारसे उंच नसते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना मागच्या कॅरिअरवरील आसनापेक्षा ट्रेलरला पसंती देते, ती याच कारणांनी.

हे कारण मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. माझ्या वडिलांनी मला सायकलच्या दांडीवर बसवून पुणे दाखवले, आणि मीही मुलीला तसेच फिरवले. पुढच्या दांडीला छोटी लोखंडी सीट नट-बोल्टने आवळलेली असे, आणि पाय ठेवायला दोन्ही बाजूंना एक-एक पट्टी. मुलगी अडीच-तीन वर्षांची असताना एके संध्याकाळी तिला झोप लागली, पाय पट्टीवरून घसरला आणि टाच चाकाच्या आऱ्यांत गेली. सायकल जागच्या जागी थांबली. चूक कोणाचीही नव्हती, असलीच तर माझी. टाके पडले, महिनाभर तिला कडेवर घेऊन फिरावे लागले, आणि पुढल्या वर्षी मी कर्ज काढून स्कूटर घेतली. आज ती अडतिशीला आली तरी टाचेवरचा वण आहे. मुलासाठी गाडी निवडताना तिने पहिला प्रश्न विचारला तो किमतीचा नव्हता. "पाय चाकात जाऊ शकतो का?" एवढाच होता. ट्रेलरमध्ये तो जात नाही. चाके बाहेरच्या बाजूला आणि मूल कापडी भिंतीच्या आत.

आता निवडीविषयी. बाजारात या गाडीची किंमत साधारणतः तीन-चारशे डॉलरपासून हजार-बाराशे डॉलरपर्यंत जाते. वरच्या दरात काय मिळते, तर स्प्रिंगा, मऊ गादी, चाक उतरवून बाबागाडी करण्याची सोय आणि नामांकित शिक्का. जाहिराती याच गोष्टींवर बोलतात. वास्तविक पाहण्यासारख्या गोष्टी निराळ्या आहेत आणि त्या बहुतेक स्वस्त गाडीतही पाहता येतात. सांगाडा असा हवा की गाडी उलटलीच तर नळ्यांचा पिंजरा मुलाच्या डोक्यावरून जावा, कापड नव्हे. पट्टे खांद्यांवरून व मांड्यांमधून असे पाच ठिकाणी बांधणारे हवेत. मुख्य सांध्याबरोबर एक वेगळा सुरक्षा-पट्टा सायकलच्या सांगाड्याला वेढा घालून जोडता आला पाहिजे, म्हणजे सांधा निसटला तरी गाडी सुटणार नाही. पाठीच्या वरच्या भागात हेल्मेटसाठी खोलगट जागा हवी. ती नसेल तर हेल्मेटमुळे मुलाची मान पुढे झुकते आणि ते हनुवटी छातीला लावून झोपते. उंच काठीवर केशरी निशाण हवे, कारण मोटारीत बसलेल्याला ही बुटकी गाडी दिसतच नाही. आणि वर्षाच्या आतील मूल त्यात बसवू नये. त्या वयात मानेत बळ नसते आणि हेल्मेटही घालता येत नाही.

चालवणाऱ्यानेही काही गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. गाडी बारा-तेरा किलोची, नातू अकरा किलोचा, वर दुपट्याची पिशवी. पंचवीस किलोचा हा भार उतारावर सायकलला मागून ढकलतो, त्यामुळे ब्रेक आधीपासून लावावा लागतो. गाडीची रुंदी पाऊण मीटरहून अधिक, आणि वळताना आतले चाक सायकलपेक्षा अधिक आत कापते. ते पदपथाच्या कडेवर चढले की गाडी कलंडते. म्हणून वळण सावकाश आणि रुंद घ्यायचे. मुलीने आधी गाडीत दहा किलो तांदळाची गोणी घालून आठवडाभर सराव केला. जर्मनीत तर चालवणारा किमान सोळा वर्षांचा हवा, मुले सात वर्षांखालील आणि दोहोंहून अधिक नकोत, असे वाहतुकीच्या नियमांतच लिहिले आहे.

एवढे पाहिल्यावर निवड फार अवघड राहिली नाही. मुलीच्या ओळखीच्या एका आजीबाईंकडे जुनी गाडी पडून होती. त्यांची नातवंडे कॉलेजात गेलेली. पाऊणशे डॉलरला त्या ती द्यायला तयार होत्या. सांगाड्याला तडा नव्हता, कापड ऊन खाऊन फिके पडले होते, टायर मात्र बदलावे लागणार होते. गाडीवर बर्ली हे नाव होते. ते पाहून आजीबाई म्हणाल्या, ही खरी बर्ली, कामगारांची बर्ली. त्या शब्दांनी मी सावध झालो.

१९७८ मध्ये ॲलन शोल्झ आणि बेव्हर्ली अँडरसन हे जोडपे सायकलच्या पिशव्या शिवण्याचा आपला छोटा व्यवसाय घेऊन यूजीनला आले. सायकलमागे गाडी जोडून माल बाजारात न्यायचा आणि मुलीलाही फिरवायचे, या त्यांच्या स्वतःच्या गरजेतून ट्रेलर तयार झाला. पुढे हा व्यवसाय तेथे काम करणाऱ्यांच्या हाती गेला आणि बर्ली डिझाइन सहकारी संस्था उभी राहिली. ही आपल्याकडील साखर कारखान्यासारखी उत्पादक शेतकऱ्यांची सहकारी संस्था नव्हती. येथे सभासद म्हणजे प्रत्यक्ष नळ्या वाकवणारे, कापड शिवणारे, हिशेब ठेवणारे. प्रत्येकाला एक मत. काम कोणतेही असो, मोबदल्याचा दर सर्वांना सारखा, हे सूत्र संस्थेने दीर्घकाळ पाळले. सभासदसंख्या पुढे शंभराच्या आसपास गेली. अमेरिकेच्या बाजारपेठेत मुलांच्या ट्रेलरचे नाव म्हणजे बर्ली, असे समीकरण या माणसांनी कोणताही मालक नसताना तयार केले. समान वेतनात चांगला माल निघत नाही असे वर्गात उत्पादनसिद्धान्त शिकवताना मीही कधी तरी बोलून गेलो असेन. त्या बिनमालकाच्या गाडीत वीस वर्षांनंतर माझा नातू निर्धास्त झोपतो.

मात्र कथा येथे संपत नाही. पूर्वेकडून निम्म्या किमतीचे ट्रेलर येऊ लागले. संस्थेने जोडसायकली, पहुडून चालवायच्या सायकली, मग साध्या सायकली असा विस्तार केला आणि त्यात पैसा अडकला. सभासदांची सभा आणि बाहेरून आणलेले व्यवस्थापक यांच्यात ओढाताण झाली. शेवटी २००६ मध्ये संस्था एका खाजगी उद्योजकाला विकली गेली. नाव तेच राहिले, कंपनी आजही आहे, तिचा माल वाईट आहे असे मी म्हणणार नाही. जुन्या गाडीचा नवा सांधा आम्हाला तिच्याकडूनच मिळाला. पण सहकारी संस्था संपली.

सिडनी व बिॲट्रिस वेब या दांपत्याने कामगारांच्या उत्पादक संस्थांविषयी फार पूर्वीच सांगून ठेवले होते की त्या एक तर बुडतात नाही तर भांडवलदारी वळणाच्या होतात. मला हा निष्कर्ष सरसकट मान्य नाही. यारोस्लाव वानेक यांनी दाखवलेले दुखणे अधिक खरे वाटते. सभासदांच्या सामाईक गंगाजळीवरच विसंबणारी संस्था पुरेशी गुंतवणूक करू शकत नाही, आणि तिला बाहेरून योग्य भांडवल पुरवणारी व्यवस्था समाजाने उभारलेली नसते. केरळात १९६९ साली उभी राहिलेली दिनेश बिडी कामगारांची संस्था बिडीचा धंदा उतरल्यावर खाद्यपदार्थ, छत्र्या अशा मालाकडे वळून तग धरू शकली, त्यामागे तेथील चळवळ आणि राज्यशासन दोन्ही होती. यूजीनच्या त्या शंभर माणसांच्या मागे कोणीच नव्हते. महाराष्ट्रात आजारी सहकारी कारखान्यांचे लिलाव होऊन ते कोणाकोणाच्या घरात गेले हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अधिक सांगायला नको. फरक इतकाच की बर्लीच्या सभासदांनी संस्था लुटली नव्हती.

येथपर्यंत आल्यावर मला एक प्रश्न पडला. सायकलमागे मूल नेण्याची कल्पना अमेरिकेच्या शेकडो शहरांत कोणालाही सुचली असती. ती यूजीनमध्येच का रुजली? उत्तर मला कारखान्यात नाही, रस्त्यावर मिळाले.

मुलीच्या पाच किलोमीटरांपैकी चार किलोमीटर नदीकाठचा मार्ग आहे. विलामेट नदीच्या काठाने मैलोन्‌मैल जाणाऱ्या या वाटेला रूथ बॅस्कम यांचे नाव आहे. या बाई १९९३ ते १९९७ या काळात यूजीनच्या महापौर होत्या. वाटेवर मोटार येत नाही. म्हातारे चालतात, मुले सायकल शिकतात, चाकाच्या खुर्चीतले लोकही दिसतात. ही वाट आकाशातून पडलेली नाही. १९७१ साली ओरेगनच्या विधिमंडळाने एक कायदा केला. त्याचा प्रस्तावक डॉन स्टॅथॉस हा जॅक्सनव्हिल या लहान गावचा रिपब्लिकन पक्षाचा आमदार, आणि त्यावर सही करणारे गव्हर्नर टॉम मॅकॉल हेही त्याच पक्षाचे. समाजवादाशी दोघांचा दूरान्वयानेही संबंध नाही. कायद्यात मुख्यतः दोन गोष्टी आहेत. राज्याच्या महामार्ग निधीतून शहरांना, जिल्ह्यांना व राज्याच्या खात्याला जो पैसा मिळतो त्याचा किमान एक टक्का पदपथ व सायकलमार्ग यांवर खर्च झाला पाहिजे. आणि कोणताही रस्ता नव्याने बांधला, पुन्हा बांधला किंवा हलवला तर त्याबरोबर पदपथ व सायकलमार्ग केलाच पाहिजे. अपवाद मोजके आहेत.

मला दुसरे कलम अधिक महत्त्वाचे वाटते. एक टक्का ही रक्कम तशी किरकोळ. परंतु रस्ता उकरला की चालणाऱ्याची जागा आपोआप आली पाहिजे, ही अट खर्चाच्या हिशेबातच शिरते. तिच्यासाठी दर वेळी मोर्चा काढावा लागत नाही. शिवाय हा कायदा नागरिकाला न्यायालयात नेता येतो. पोर्टलंड शहरात एका मोठ्या क्रीडागृहाभोवतीचे रस्ते बांधताना सायकलमार्ग वगळले गेले, तेव्हा सायकलस्वारांची संघटना न्यायालयात गेली, आणि १९९५ मध्ये अपील न्यायालयाने शहराविरुद्ध निर्णय दिला. एक टक्का खर्च केला म्हणजे आमचे कर्तव्य संपले, हा शहराचा युक्तिवाद टिकला नाही.

म्हणजे काळाचा क्रम असा लागतो: १९७१ चा कायदा, त्यामागून वाटा, आणि १९७८ मध्ये त्या वाटांवर धावणारी मुलांची गाडी. सहकारी संस्था २००६ मध्ये विकली गेली. नदीकाठची वाट विकता आली नाही, कारण ती कोणा सभासदाची नव्हती आणि सर्वांची होती. दोन्ही गोष्टींवर माझा जीव आहे, पण कोणती अगोदर उभारावी असे मला कोणी विचारले तर माझे उत्तर आता ठरलेले आहे.

अमेरिकेचे गोडवे गाण्याचा हेतू नाही, हेही सांगितले पाहिजे. मुलीच्या वाटेतला उरलेला किलोमीटर मोटारींच्या रस्त्यावरून जातो आणि तेथे एक चौक असा आहे की ती सायकलवरून उतरून गाडीसह पायी रस्ता ओलांडते. त्या देशात २००९ साली ४,१०९ पादचारी मोटारींखाली मेले. २०२२ साली ही संख्या सुमारे साडेसात हजारांवर गेली. मोटारी दरवर्षी उंच व जड होत आहेत. आपले मूल सुरक्षित राहावे म्हणून प्रत्येक बाप अधिक मोठी मोटार घेतो आणि दुसऱ्याच्या मुलाचा धोका वाढवतो. मग दुसराही तेच करतो. वैयक्तिक शहाणपणाची बेरीज सामुदायिक वेडेपणात कशी होते याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला वर्गात कधी सापडले नव्हते. हजार डॉलरचा ट्रेलर हा त्याच शर्यतीतला गरीब स्पर्धक आहे. त्याच्या कापडी भिंतीचा दोन टनी मोटारीपुढे काही उपयोग नाही.

ही शर्यत थांबवण्याचे काम आपल्या विचारांच्या माणसांनीही एके ठिकाणी केले आहे. १९७१ साली नेदरलंड्समध्ये रस्त्यावरील अपघातांत सुमारे ३,३०० माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने लेख लिहिला, आणि त्या लेखाच्या मथळ्यावरून 'मुलांची हत्या थांबवा' या नावाची संघटना उभी राहिली. तिच्या पहिल्या अध्यक्षा मार्त्ये व्हान पुटन या तरुण माता होत्या. पुढे त्या मजूर पक्षातर्फे युरोपीय संसदेत गेल्या. संघटनेने रस्ते अडवले, मुलांच्या खेळासाठी गल्ल्या बंद केल्या, आणि मुलांसह सायकलवरून थेट पंतप्रधान योप डेन आउल यांच्या घरापुढे जाऊन गाणी म्हटली. डेन आउल मजूर पक्षाचे. १९७३ च्या तेलटंचाईत त्यांच्या सरकारने रविवारी मोटारी बंद ठेवल्या, तेव्हा लोकांना मोकळा रस्ता कसा दिसतो ते कळले. १९७६ मध्ये निवासी गल्ल्यांत पायी चालणाऱ्याला प्राधान्य देणारे नियम आले. २०१० साली तेथे अपघातांत मेलेल्या मुलांची संख्या वीसच्या आत होती. आज तेथील आया दोन-दोन मुले पुढच्या पेटीत बसवून सायकलने फिरतात, ती पेटी कोणत्या कंपनीची याची चर्चा फारशी होत नाही.

आता आपल्याकडे. पुण्यात मी लहान असताना सायकल हे गिरणी-कारखान्यातल्या कामगाराचे, कारकुनाचे, प्राध्यापकाचे आणि सेवा दलाच्या कार्यकर्त्याचे समान वाहन होते. २०११ च्या जनगणनेत देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती आणि मोटार ४.७ टक्के कुटुंबांकडे. तरी रस्त्यांची आखणी कोणासाठी होते ते आपण पाहतोच. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीस्वार आणि १९.५ टक्के पादचारी. हे बहुतांशी आपलेच लोक आहेत. घरकामाला जाणाऱ्या बाया, हमाल, सुरक्षारक्षक, शाळेतून परतणारी मुले.

दीड वर्षाचे मूल महाराष्ट्रातल्या शहरात कसे प्रवास करते? मोटारसायकलच्या टाकीवर, बापाच्या दोन हातांच्या मधोमध; किंवा मागे आईच्या मांडीवर, ओढणीने बांधलेले. केंद्र सरकारने २०२२ मध्ये नियम काढला आणि २०२३ पासून तो लागू झाला: नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला मोटारसायकलवर नेताना चालकाशी जोडणारा पट्टा हवा, हेल्मेट हवे, वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. नियम चुकीचा नाही. पण त्याचा सारा भार मुलाच्या आईबापांवर आहे. पट्टा त्यांनी घ्यायचा, हेल्मेट त्यांनी घ्यायचे, दंडही त्यांनीच भरायचा. रस्ता बांधणाऱ्याच्या कर्तव्याचा त्यात उल्लेख नाही.

मी परतल्यावर शेजारच्या एका तरुण जोडप्याने माझ्याकडील छायाचित्रे पाहिली आणि अशीच गाडी बाहेरून मागवावी का, असे विचारले. मी नको म्हणालो. दुचाक्यांच्या गर्दीत पाऊण मीटर रुंदीच्या गाडीला जागा नाही. खड्डा चुकवताना सायकल चुकवते, मागचे चाक चुकवत नाही. आणि त्या उंचीवर मुलाचे नाक नेमके रिक्षा-टेम्पोच्या धुराड्याशी येते. त्या मुलीचा चेहरा उतरला. पैसे तिच्याकडे होते. रस्ता तिच्या पैशाने मिळणारा नव्हता.

पुण्यात प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धांच्या सुमारास रस्त्यांबरोबर सायकलमार्ग बांधले गेले. आज त्यांवर विजेच्या पेट्या, उभ्या गाड्या आणि फरश्यांचे ढीग आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या रंगीत सायकली आल्या आणि दोनेक वर्षांत दिसेनाशा झाल्या. आराखडा हा ठराव असतो, बंधन नव्हे. सत्ता बदलली, आयुक्त बदलले, एखाद्या चौकात उड्डाणपुलाची टूम निघाली की पहिला बळी सायकलमार्गाचा जातो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्याचा पदपथावरील हक्क हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे म्हटले. हक्क मिळाला, त्याला अंदाजपत्रकातले शीर्षक अजून मिळायचे आहे.

सायकल आता हौशी मध्यमवर्गीयांची झाली आहे, रविवारी सकाळी रंगीत कपडे घालून सिंहगडापर्यंत जाणाऱ्यांसाठी आपण का भांडावे, असा आक्षेप एका जुन्या सहकाऱ्याने घेतला. आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच ओरेगनच्या कायद्यातील शब्दयोजना मला शहाणपणाची वाटते: पदपथ आणि सायकलमार्ग, दोन्ही एकत्र. मागणी केवळ सायकलची केली तर ती हौशी लोकांच्या हाती जाईल. पदपथ तिच्यात अगोदर आला की घरकामगार संघटना, हातगाडीवाले, अपंगांच्या संघटना, शाळांचे पालक यांना ती आपली वाटेल. पथविक्रेत्यांशी मात्र आधी बसून बोलावे लागेल, नाही तर पदपथ मोकळे करण्याच्या नावाखाली पहिली कारवाई त्यांच्यावर होईल आणि आपणच तिचे निमित्त ठरू.

माझी सूचना अशी की पक्षाने राज्यासाठी अशा कायद्याचा मसुदा करावा. विधानसभेत तो आज मांडला जाईल अशा भ्रमात मी नाही. परंतु महापालिका आणि नगरपरिषदांच्या पातळीवर कामाला कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. जेथे आपला एखादा नगरसेवक आहे तेथे त्याने, नसेल तेथे कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज करून, तीन गोष्टी लेखी मागाव्यात. गेल्या पाच वर्षांत रस्त्यांवर एकूण किती खर्च झाला. त्यातला पदपथ व सायकलमार्गांवर किती. आणि काँक्रीटीकरणासाठी उकरलेल्या रस्त्यांपैकी किती रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना सलग पदपथ केला गेला. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर रस्त्याच्या नावानिशी मागावे, म्हणजे जाऊन पाहता येते.

मी स्वतः आमच्या प्रभागापुरता अर्ज परवा दिला आहे. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. नातू पुढच्या डिसेंबरात आजोळी येणार आहे, तेव्हा तो तीन वर्षांचा होईल आणि पायी चालेल. घरापासून बागेपर्यंतचे अंतर सहाशे मीटर आहे. त्यात सलग पदपथ मी मोजला, तो दोनशे दहा मीटर भरला.